संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र : स्वयंचलित नूतनीकरणातील अडथळे व उपाय

शासकीय कार्यालये, शिक्षणसंस्था, सहकारी संस्था, सार्वजनिक ग्रंथालये आणि लहानमोठे उद्योग यांचा जनतेशी येणारा संबंध आज फार मोठ्या प्रमाणात संकेतस्थळांच्या द्वारे येतो. प्रवेशाचे अर्ज, शुल्काचा भरणा, परीक्षांचे निकाल, निविदा आणि तक्रारी असे कितीतरी व्यवहार या मार्गाने होतात. अशा वेळी एखादे संकेतस्थळ उघडू पाहणाऱ्या नागरिकासमोर 'ही जोडणी सुरक्षित नाही' अशा आशयाचा इशारा झळकला, तर तो गोंधळून जातो. बहुतेक वेळा या इशाऱ्यामागे कोणाचाही हल्ला नसतो. त्या संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते, एवढेच.

वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या घटनेचे दोन दुष्परिणाम संभवतात. पहिला असा की, अर्जाच्या अखेरच्या दिवशी सेवा ठप्प होते आणि ज्याला दुसरा मार्ग उपलब्ध नाही अशा अर्जदाराचेच अधिक नुकसान होते. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. 'इशाऱ्याकडे लक्ष देऊ नका, पुढे जा,' असा सल्ला संस्थेचे कर्मचारीच देऊ लागले, म्हणजे नागरिकांना इशारा डावलण्याची सवय लागते. मग उद्या खरोखरीच एखादा भामटा मध्ये येऊन बसला, तरी ती सवय सुटत नाही. यास्तव ही प्रमाणपत्रे कशी मिळतात, त्यांचे नूतनीकरण आपोआप कसे होते आणि ते कोठे अडते, याची माहिती संकेतस्थळाची जबाबदारी सांभाळणाऱ्या प्रत्येकास असणे अगत्याचे आहे. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी असण्याची आवश्यकता नाही.

प्रमाणपत्र म्हणजे काय?

संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ही एक छोटी संगणकीय नोंद असते. तीत मुख्यतः चार बाबी असतात : ज्या नावांसाठी प्रमाणपत्र दिले ती नावे, त्या संकेतस्थळाची सार्वजनिक किल्ली, मुदतीचा आरंभ व शेवट, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकरणाची संगणकीय स्वाक्षरी. सार्वजनिक किल्लीची जोडीदार असलेली खासगी किल्ली मात्र सर्व्हरवर गुप्त ठेवलेली असते. ही दुसरी किल्ली आपल्यापाशी आहे असे सर्व्हरने सिद्ध केले, म्हणजे ब्राउझर त्याच्याशी सांकेतिक भाषेत बोलू लागतो. वाटेत कोणी हा संवाद ऐकला, तरी त्याला त्याचा अर्थ लागत नाही.

ब्राउझरला सर्व प्रमाणपत्रे माहीत असणे शक्य नसते. त्याच्यापाशी काही विश्वासार्ह मूळ प्राधिकरणांची यादी असते. मूळ प्राधिकरण मध्यस्थ प्राधिकरणाला मान्यता देते आणि मध्यस्थ संकेतस्थळाला प्रमाणपत्र देते. हिला प्रमाणपत्रांची साखळी म्हणतात. तिची एखादी कडी गळाली, की विश्वास तुटतो.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. सर्वसामान्य प्रमाणपत्र फक्त एवढेच सांगते की, ज्या नावाचे संकेतस्थळ आपण मागितले त्याच नावाच्या सर्व्हरशी आपले बोलणे चालू आहे. त्या नावाचा मालक सचोटीचा आहे, अशी ग्वाही ते देत नाही. मिळत्याजुळत्या नावाचे बनावट संकेतस्थळ उभारणारा ठगही आपल्या नावापुरते प्रमाणपत्र मिळवू शकतो. तेव्हा पत्त्यातील नाव अक्षरशः वाचून पाहण्याची जबाबदारी नागरिकावर राहतेच.

विनामूल्य व स्वयंचलित व्यवस्थेचा उदय

पूर्वी प्रमाणपत्रे बहुधा विकत घ्यावी लागत. अर्ज, शुल्क, ई-मेलद्वारे पडताळणी आणि नंतर सर्व्हरवर हाताने मांडणी, असा तो क्रम असे. त्यामुळे लहान संस्था या वाटेला जात नसत. ही अडचण दूर करण्याच्या हेतूने अमेरिकेतील मोझिला या संस्थेचे जोश आस व एरिक रेस्कोर्ला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे पीटर एकर्सली आणि मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक जे. ॲलेक्स हाल्डरमन यांनी एकत्र येऊन एक योजना आखली. २०१३ साली इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही ना-नफा संस्था स्थापन झाली. तिच्या वतीने 'लेट्स एन्क्रिप्ट' हे प्राधिकरण नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर झाले. त्याचे पहिले प्रमाणपत्र १४ सप्टेंबर २०१५ रोजी दिले गेले आणि एप्रिल २०१६ मध्ये प्रायोगिक अवस्था संपून ही सेवा सर्वांसाठी नियमितपणे सुरू झाली.

या प्राधिकरणाची दोन वैशिष्ट्ये होती. प्रमाणपत्रासाठी शुल्क नव्हते आणि अर्जापासून मांडणीपर्यंतची सर्व कामे यंत्राने यंत्राशी बोलून पार पडत. या संभाषणाची जी नियमावली तयार झाली तिला 'ॲक्मे' असे नाव असून, मार्च २०१९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. होस्टिंग देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या कंट्रोल पॅनेलमध्ये अशाच सोयी बसविल्या. सीपॅनेलमधील 'ऑटोएसएसएल' ही त्यांपैकी एक होय. स्वतःचा सर्व्हर चालविणाऱ्यांसाठी 'सर्टबॉट' हे साधन प्रचारात आले. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझरने प्रमाणपत्र नसलेल्या सर्व संकेतस्थळांवर 'असुरक्षित' असा शिक्का दाखविण्यास आरंभ केला आणि प्रमाणपत्र ही चैन न राहता गरज बनली.

मुदतीचा प्रश्न

लेट्स एन्क्रिप्टने आपल्या प्रमाणपत्राची मुदत आरंभापासूनच ९० दिवसांची ठेवली. मुदत आखूड असावी, म्हणजे खासगी किल्ली चोरीस गेली तरी तिचा दुरुपयोग फार काळ होऊ नये आणि नूतनीकरण हाताने करण्याचा मोह कोणास पडू नये, हा त्यामागील हेतू होता. शुल्क घेऊन दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांची कमाल मुदतही क्रमाक्रमाने घटत आली आहे. १ सप्टेंबर २०२० पासून ती ३९८ दिवसांवर आली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणपत्र प्राधिकरणे आणि ब्राउझर-निर्माते यांच्या संयुक्त मंडळाने असा ठराव केला की, ही कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस असावी. लेट्स एन्क्रिप्टनेही आपली मुदत २०२८ सालापर्यंत ४५ दिवसांवर आणण्याचे जाहीर केले आहे.

याचा व्यावहारिक अर्थ उघड आहे. वर्षातून एकदा आठवणीने करण्याचे काम आता वर्षातून सात-आठ वेळा करावे लागेल. ते हाताने करणे शक्य नाही. स्वयंचलित व्यवस्था अनिवार्य होत आहे आणि ती बिघडली तर ओळखता येणे हेही तितकेच अनिवार्य आहे. दर ६० दिवसांनी नूतनीकरण करावे असे कोणी वेळापत्रकात बसवून ठेवले असेल, तर ४५ दिवसांच्या मुदतीत ते वेळापत्रकच बिघाडाचे कारण ठरेल. म्हणून ठरावीक दिवसांऐवजी 'मुदतीचा एक-तृतीयांश भाग उरला असता नूतनीकरण' असा नियम ठेवणे श्रेयस्कर आहे.

यंत्राची स्थळपाहणी

तहसील कार्यालयातून दाखला देण्यापूर्वी तलाठ्यामार्फत चौकशी होते, तशीच चौकशी हे प्राधिकरणही करते. अर्जदाराचा त्या नावावर खरोखर ताबा आहे काय, एवढाच तिचा विषय असतो. तिच्या दोन पद्धती मुख्यत्वे प्रचारात आहेत.

पहिल्या पद्धतीत प्राधिकरण अर्जदाराच्या साधनास एक सांकेतिक चिठ्ठी देते आणि ती संकेतस्थळावरील एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवण्यास सांगते. नंतर प्राधिकरणाचे संगणक पोर्ट ८० या दाराने येऊन ती चिठ्ठी जागेवर आहे काय ते पाहतात. फेब्रुवारी २०२० पासून लेट्स एन्क्रिप्ट ही पाहणी एकाच ठिकाणाहून न करता जाळ्यातील निरनिराळ्या ठिकाणांहून करते. एखाद्या ठिकाणची वाट कोणी फसवून वळविली, तरी सर्व वाटा एकाच वेळी वळविणे कठीण असते, हे त्याचे कारण.

दुसऱ्या पद्धतीत ही चिठ्ठी डोमेन नावाच्या डीएनएस नोंदींमध्ये लिहावी लागते. डीएनएस म्हणजे नाव सांगितले असता सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणारी जागतिक नोंदवही. एका डोमेनच्या सर्व उपनावांसाठी एकच प्रमाणपत्र हवे असेल, तर लेट्स एन्क्रिप्टकडे ही दुसरी पद्धतच वापरावी लागते. तीत एक खाचखळगा आहे. पहिल्या वेळी कोणी ही नोंद हाताने लिहून प्रमाणपत्र मिळविले असेल, तर पुढील नूतनीकरण आपोआप होत नाही. प्राधिकरण दर खेपेस नवी चिठ्ठी देते. ती लिहिण्याचा अधिकार साधनाला दिलेला नसेल, तर साधन हतबल होते. 'पहिल्यांदा झाले, मग आता का होत नाही?' या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

निदानाचा क्रम

बिघाड दिसताच प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागविण्याची घाई करू नये. आधी निदान करावे. त्याचा पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१. इशारा नीट वाचावा. ब्राउझरच्या इशाऱ्यातच रोगाचे नाव असते. मुदत संपली आहे, नाव जुळत नाही, की देणारे प्राधिकरण ओळखीचे नाही, या तीन तक्रारी भिन्न असून त्यांचे उपायही भिन्न आहेत. केवळ एकाच संगणकावर 'मुदत संपली' असे दिसत असेल, तर प्रथम त्या संगणकाची तारीख व वेळ पाहावी. घड्याळ चुकलेले असल्यास निर्दोष प्रमाणपत्रही कालबाह्य भासते.

२. कंट्रोल पॅनेलमधील तारीख आणि ब्राउझरमधील तारीख यांची तुलना करावी. पॅनेलमध्ये नवे प्रमाणपत्र दिसते, परंतु ब्राउझर जुने दाखवितो, असे असेल तर नूतनीकरण झालेले आहे. सर्व्हरच्या प्रणालीने नवे प्रमाणपत्र वाचून घेतलेले नाही, एवढाच दोष आहे. ती प्रणाली नव्याने भारित केली की प्रश्न मिटतो. नूतनीकरणानंतर हे काम आपोआप व्हावे अशी आज्ञा साधनात कायमची नोंदवून ठेवावी.

३. प्रमाणपत्रातील नावे तपासावी. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह असलेले नाव आणि त्याविना असलेले नाव ही यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळी नावे आहेत. दोन्ही प्रमाणपत्रात हवीत. याउलट, एकाच प्रमाणपत्रात अनेक नावे असतील आणि त्यांपैकी एखादे कधीच बंद पडलेले असेल, तर त्या एका नावाची पाहणी फसल्याने संपूर्ण अर्ज अडू शकतो. असे मृत नाव यादीतून काढून टाकावे. देवनागरी नावांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट माहीत असावी. ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' या अखेरपदासह मराठीतही डोमेन नाव घेता येते. परंतु प्रमाणपत्रात व डीएनएसमध्ये ते रोमन लिपीतील एका सांकेतिक रूपात लिहिले जाते. 'एक्सएन' या अक्षरांनी व त्यापुढील दोन जोडरेघांनी सुरू होणारे विचित्र नाव दिसले, तर ते आपल्याच नावाचे यंत्ररूप असू शकते. घाबरून ते खोडू नये.

४. डीएनएस नोंदी पाहाव्या. नाव आजही योग्य सर्व्हरकडे बोट दाखविते काय? होस्टिंग बदलल्यानंतर जुन्या नोंदी मागे राहणे हे या सर्व बिघाडांतील एक प्रमुख कारण होय. त्याचे उदाहरण पुढे सविस्तर दिले आहे. डोमेन नावाची वार्षिक नोंदणीच संपलेली नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

५. पाहणीची वाट मोकळी आहे काय ते बघावे. सुरक्षिततेच्या उत्साहात पोर्ट ८० बंद करून टाकले जाते आणि पहिल्या पद्धतीची पाहणी तेथेच थांबते. हे दार उघडे ठेवून येणाऱ्यास सुरक्षित पत्त्याकडे वळविणे इष्ट. अशा वळणावरून प्राधिकरणाची पाहणी पुढे जाऊ शकते आणि तेथील प्रमाणपत्राची मुदत संपलेली असली तरी ती अडत नाही. मात्र विशिष्ट देशांबाहेरील वाचकांना बंदी करणारी फायरवॉल, संपूर्ण संकेतस्थळाला लावलेला पासवर्ड, किंवा अनोळखी फोल्डर नाकारणारा एखादा नियम यांमुळे ती अडू शकते. चिठ्ठी ठेवण्याच्या फोल्डरपुरती या नियमांतून सूट द्यावी.

६. परवानगीच्या नोंदी तपासाव्या. आपल्या डोमेनसाठी कोणत्या प्राधिकरणाने प्रमाणपत्र द्यावे हे मालकाला डीएनएसमधील 'सीएए' नावाच्या नोंदीत लिहून ठेवता येते. ही नोंद वाचणे सप्टेंबर २०१७ पासून सर्व प्राधिकरणांवर बंधनकारक आहे. पूर्वी कधी एका कंपनीचे नाव येथे लिहिले असेल आणि होस्टिंग आता दुसऱ्या प्राधिकरणाकडून प्रमाणपत्र घेत असेल, तर अर्ज नाकारला जातो. यात प्राधिकरणाचा दोष नसतो; ते आपलीच जुनी आज्ञा पाळत असते. डीएनएस नोंदींवर स्वाक्षरीची व्यवस्था केलेली असल्यास ती स्वाक्षरी अवैध झाली तरी असाच नकार येतो.

७. साखळी पूर्ण आहे काय ते पाहावे. सर्व्हरने मध्यस्थ प्राधिकरणाचे प्रमाणपत्र सोबत पाठविले नाही, तर काही ब्राउझर ते अन्यत्र मिळवून निभावून नेतात, पण काही मोबाइल व अन्य प्रणाली थेट नकार देतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्टला आधार देणारे एक जुने मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झाले, तेव्हा अनेक जुन्या प्रणाली अशाच अडून बसल्या. दोष सर्व्हरचा नव्हता. वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेल्या यंत्रांच्या यादीत नवे मूळ प्राधिकरण आलेले नव्हते.

८. प्रमाणपत्र वैध असूनही पानावर अपूर्ण सुरक्षिततेची खूण दिसत असेल, तर पानातील एखादे चित्र अथवा आज्ञावली अद्याप जुन्या असुरक्षित पत्त्यावरून मागविली जात असते. तो पत्ता दुरुस्त करावा. प्रमाणपत्राला हात लावण्याचे कारण नाही.

एक उदाहरण

हा क्रम प्रत्यक्षात कसा उपयोगी पडतो ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळाला १ जानेवारी रोजी ९० दिवसांचे प्रमाणपत्र मिळाले. त्याची मुदत १ एप्रिलला संपणार. साधन ६० दिवसांनी, म्हणजे २ मार्चच्या सुमारास, नूतनीकरणाचा पहिला प्रयत्न करणार. दरम्यान १० फेब्रुवारीस वाचनालयाने होस्टिंग बदलले. जुने प्रमाणपत्र नव्या सर्व्हरवर आणून बसविले. डीएनएसमधील पत्ता बदलला. ग्रंथपालांनी कार्यालयातील संगणकावर संकेतस्थळ उघडून पाहिले. ते बिनतक्रार उघडले. काम संपले असे सर्वांना वाटले.

काही दिवसांतच दोन-चार सभासदांनी सांगितले की, मोबाइलवर संकेतस्थळ उघडताना इशारा येतो. 'आमच्याकडे तर उघडते,' असे उत्तर त्यांना मिळाले. मार्च महिन्यात नूतनीकरणाचे प्रयत्न रोज फसत राहिले, पण पॅनेलमधील नोंद कोणी वाचली नाही. १ एप्रिलला कार्यालयातील संगणकावरही इशारा आला, तेव्हा धावपळ सुरू झाली.

दोष कोठे होता? प्रत्येक नावाला दोन प्रकारचे आयपी पत्ते असू शकतात. चौथ्या आवृत्तीचा जुना पत्ता 'ए' या नोंदीत असतो, तर सहाव्या आवृत्तीचा नवा, लांब पत्ता चार वेळा 'ए' असलेल्या 'क्वाड-ए' नोंदीत असतो. वाचनालयाने पहिली नोंद बदलली. दुसरी तशीच राहिली आणि ती जुन्या कंपनीच्या सर्व्हरकडे बोट दाखवीत राहिली. कार्यालयातील जोडणी जुन्या प्रकारच्या पत्त्याने जात होती, म्हणून तेथे सर्व ठीक दिसले. भारतातील मोबाइल जाळ्यांवर सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांचा वापर मोठा आहे, म्हणून सभासद जुन्या सर्व्हरवर जाऊन थडकत होते. त्या सर्व्हरवर आता वाचनालयाच्या नावाचे प्रमाणपत्र नव्हते.

प्राधिकरणाची पाहणीही याच कारणाने फसली. नावाला दोन्ही पत्ते असतील, तर लेट्स एन्क्रिप्ट सहाव्या आवृत्तीच्या पत्त्याला प्राधान्य देते. तेथून काहीच उत्तर आले नाही, तर ते दुसऱ्या पत्त्याकडे वळते. पण येथे जुना सर्व्हर जिवंत होता आणि 'अशी चिठ्ठी येथे नाही' असे उत्तर देत होता. उत्तर मिळाल्यामुळे चौकशी तेथेच संपली.

उपाय एका ओळीचा होता : क्वाड-ए नोंद नव्या सर्व्हरच्या पत्त्यानुसार बदलणे, किंवा नव्या कंपनीने तसा पत्ता दिलेलाच नसेल तर ती नोंद काढून टाकणे. हा उपाय १० फेब्रुवारीलाच करता आला असता. पुढेही २ मार्च ते १ एप्रिल असा महिनाभराचा अवधी हाती होता. नूतनीकरण मुदतीपूर्वी एक महिना सुरू होते ते एवढ्याचसाठी की, बिघाड झाल्यास माणसाला तो शोधण्यास वेळ मिळावा. सभासदांची तक्रार हेच या प्रकरणातील पहिले आणि अचूक निदान होते. ते ऐकून घेतले गेले नाही.

पुनःपुन्हा प्रयत्न करू नये

दोष न शोधता अर्ज करीत राहणे हानिकारक आहे. प्राधिकरणाने आपल्या सेवेवर मर्यादा घातल्या आहेत. लेट्स एन्क्रिप्टच्या नियमांनुसार एका खात्यातून एका नावाची पाहणी एका तासात पाच वेळा फसली, की पुढील प्रयत्न थोपविले जातात. अगदी त्याच नावांच्या संचासाठी सात दिवसांत पाचापेक्षा अधिक प्रमाणपत्रे मिळत नाहीत. घाईने पाच प्रमाणपत्रे काढून ती चुकीच्या जागी ठेवणाऱ्यास सहावे मिळविण्यासाठी ताटकळत बसावे लागते. प्रयोग करावयाचाच असेल, तर त्याच प्राधिकरणाने चाचणीसाठी स्वतंत्र व्यवस्था ठेवली आहे. तेथील प्रमाणपत्रे ब्राउझर मान्य करीत नाहीत, परंतु पाहणी यशस्वी होते की नाही हे कळते. तेथे यश मिळाल्यानंतरच खरा अर्ज करावा.

जबाबदारी कोणाची?

यंत्र चालविण्यास माणूस लागत नाही, पण त्याच्यावर लक्ष ठेवण्यास लागतो. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात अमेरिकेत संघराज्य शासनाचे कामकाज निधीअभावी अंशतः बंद पडले. या काळात तेथील शासकीय संकेतस्थळांच्या ऐंशीहून अधिक प्रमाणपत्रांची मुदत संपली आणि त्यांचे नूतनीकरण झाले नाही. त्यांपैकी काही संकेतस्थळांवर कडक सुरक्षेचा नियम लागू असल्याने ब्राउझरने नागरिकांना इशारा डावलून पुढे जाण्याची मुभाही दिली नाही. तंत्रज्ञान प्रगत असले, तरी कोणाचे लक्ष नसेल तर काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मुदत संपत आल्याची आठवण करून देणारी पत्रे लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी ई-मेलने पाठवीत असे. ४ जून २०२५ रोजी ती सेवा बंद झाली. त्या पत्रांवर विसंबून असलेल्यांनी आता स्वतःची व्यवस्था केली पाहिजे. मुदतीवर पाळत ठेवून आगाऊ सूचना देणाऱ्या सेवा उपलब्ध आहेत. तेही न जमल्यास दिनदर्शिकेवर महिन्याची एक तारीख निश्चित करावी.

प्रत्येक संस्थेने यासाठी एक साधी नोंदवही ठेवावी. डोमेन नाव कोणाकडे नोंदविले आहे व त्याची मुदत केव्हा संपते, डीएनएस नोंदी कोठे बदलता येतात, होस्टिंग कोणाचे आहे, प्रमाणपत्र कोणते प्राधिकरण देते, पडताळणीची पद्धत कोणती आणि या खात्यांचे अधिकार कोणत्या पदाकडे आहेत, एवढ्या बाबी तीत असाव्यात. खाती व्यक्तीच्या खासगी ई-मेलवर न ठेवता पदनामाच्या ई-मेलवर ठेवावी. बदली अथवा सेवानिवृत्तीच्या वेळी इतर कागदपत्रांसोबत या नोंदवहीचाही कार्यभार रीतसर सोपवावा. पासवर्ड मात्र नोंदवहीत लिहू नयेत.

महिन्यातून एकदा पुढील तपासणी करावी. संकेतस्थळ कार्यालयातील जोडणीवरून आणि मोबाइलच्या जोडणीवरून, अशा दोन्ही मार्गांनी उघडावे. दोन्ही नावांनी उघडावे. प्रमाणपत्राची अखेरची तारीख वाचून नोंदवावी. ती मागील महिन्यापेक्षा पुढे सरकली नसेल आणि मुदतीचा एक-तृतीयांशाहून कमी भाग उरला असेल, तर पॅनेलमधील नूतनीकरणाची नोंद उघडून त्यातील नकाराचे कारण वाचावे. होस्टिंग, डीएनएस अथवा फायरवॉल यांत बदल केल्यास महिन्याची वाट न पाहता त्याच दिवशी नूतनीकरणाची चाचणी घ्यावी.

नागरिकांनी काय करावे?

संकेतस्थळावर सुरक्षेचा इशारा आल्यास आपल्या फोनची तारीख व वेळ प्रथम तपासावी. ती बरोबर असेल, तर पासवर्ड, आधार क्रमांक, बँकेचा तपशील अशी कोणतीही माहिती तेथे भरू नये. संबंधित कार्यालयास दूरध्वनीने अथवा समक्ष कळवावे. कळविताना इशाऱ्यातील शब्द, दिनांक, वेळ आणि कोणत्या जोडणीवरून पाहिले हे सांगितल्यास दोष शोधणे सुकर होते.

कार्यालयांनीही अशी तक्रार आली असता 'पुढे जा' असा सल्ला कटाक्षाने टाळावा. दुरुस्ती होईपर्यंत अर्ज स्वीकारण्याचा पर्यायी मार्ग जाहीर करावा आणि अखेरची तारीख जवळ आली असल्यास मुदतवाढीचा विचार करावा. प्रमाणपत्राच्या नूतनीकरणास पैसा लागत नाही आणि फारसे श्रमही पडत नाहीत. महिन्याला थोडा वेळ आणि नेमून दिलेली एक जबाबदार व्यक्ती एवढेच त्यासाठी पुरेसे आहे. त्या अल्प काळजीच्या बदल्यात ऐन मुदतीच्या दिवशी कोणाही अर्जदाराला दारातून परत जावे लागणार नाही.